खाऱ्या टाकीतला शोरा आणि गंधकाचे नळकांडे

कापडाच्या व्यापाऱ्याने मासे आणि गंधकावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. खुलासा असा की आमच्या दुकानात गल्ल्यामागे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. गिऱ्हाइकांसोबत आलेली मुले तिच्यापाशी रमतात, आई-बापांना कापड निवांतपणे पाहता येते. गेल्या काही वर्षांत हॉटेले, दवाखाने आणि सराफांच्या पेढ्यांतही अशा टाक्या दिसू लागल्या आहेत. या टाक्यांना लागणारे एक यंत्र परदेशातून येते आणि महाग पडते. ते आपला प्लंबर किंवा ॲक्रिलिकचे काम करणारा कारीगर सहज बनवू शकतो. आम्ही ते स्वतः बनवले, दोनदा बिघडवले आणि आता ते नीट चालते आहे. तो तजुर्बा येथे देत आहोत.

शोरा येतो कुठून?

टाकीत टाकलेले खाद्य, माशांची विष्ठा, कुजलेला पालापाचोळा या सर्वांतून प्रथम अमोनिया तयार होतो. दगडांवर आणि वाळूत वस्ती करून असलेले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट जहाल, नायट्रेट त्या मानाने सौम्य. आमच्या उर्दू शाळेत मास्तर याच घराण्यातल्या तेजाबाला ‘शोरे का तेजाब’ म्हणत आणि सल्फ्युरिकला ‘गंधक का तेजाब’. ते दोन शब्द चाळीस वर्षांनी असे कामी येतील असे वाटले नव्हते.

अडचण अशी की खाऱ्या टाकीत गाडी येथे येऊन थांबते. समुद्रातल्या प्रवाळाभोवती नायट्रेट एका लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. टाकीत मात्र ते साठत जाते. नुसते मासे असतील तर ३०-४० पर्यंत निभावते. पण मऊ प्रवाळ ठेवले असतील तर ते आक्रसतात, काचेवर आणि दगडांवर हिरवे-तपकिरी शेवाळ चढते आणि टाकी दुकानाची शोभा राहत नाही.

यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे पाणी बदलणे. पण त्याचा हिशेब मांडून पाहा. टाकीत आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढते असे धरा आणि तुम्ही दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलता. काही महिन्यांनी नायट्रेट ५० वर जाऊन स्थिर होईल, कारण ५० चा पाचवा हिस्सा १०, म्हणजे जितके येते तितकेच जाते. ते १० वर आणायचे तर दर आठवड्याला सगळेच पाणी बदलावे लागेल. आमच्या टाकीत दगड वजा जाता ४०० लिटर पाणी आहे. पाचवा हिस्सा म्हणजे ८० लिटर, त्याला जवळजवळ तीन किलो समुद्री मिश्रणाचे मीठ, आणि तेही खास टाकीसाठी बनवलेले, किराणा दुकानातले नव्हे. एवढा खर्च करूनही ५० वरच राहायचे, हा तोट्याचा सौदा होय.

जिवाणूंकडून काम करून घ्यावे

निसर्गात नायट्रेटचा निकाल लावणारे जिवाणू आहेत. पाण्यात प्राणवायू असेपर्यंत ते त्यावर श्वास घेतात. तो संपला की नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू बुडबुड्यांच्या रूपाने हवेत सोडतात. म्हणजे आपल्याला दोन गोष्टी जमवायच्या: प्राणवायू नसलेली जागा आणि या जिवाणूंना खाद्य.

आमचा भाचा कुवेतला नोकरीस आहे. त्याच्याकडेही अशीच टाकी आहे. त्याने प्रथम वेटोळ्याची पद्धत सांगितली. बारीक नळी तीसेक मीटर लांब घ्यायची, कांडीवर सूत गुंडाळावे तशी ती पाइपावर गुंडाळायची आणि तीतून पाणी थेंबथेंब सोडायचे. नळीच्या पहिल्या भागात प्राणवायू संपतो, पुढे नायट्रेट संपते. खाद्य म्हणून परदेशात लोक चक्क व्होडका घालतात! आम्ही भाच्याला विचारले, “बाबा रे, आमच्या दुकानात व्होडकाची बाटली दिसली तर मोहल्ल्यात काय सांगायचे?” तो म्हणाला, “मामू, सिरका घाला, तेच काम होते.” सिरक्याने काम होते हे खरे. परंतु तो रोज मोजून घालावा लागतो. एखाद्या दिवशी जास्त पडला तर जिवाणू बेसुमार वाढून पाणी दुधासारखे पांढरे होते, टाकीतला प्राणवायू तेच खाऊन टाकतात आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. दुकानदार माणूस प्रवासाला जातो, लग्नकार्याला जातो. रोजचे माप नोकरावर सोपवणे आम्हाला मानवले नाही.

म्हणून आम्ही गंधकाकडे वळलो. थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्स नावाच्या जिवाणूला सिरका लागत नाही, साखर लागत नाही. तो गंधकच खातो. नळकांड्यात एकदा गंधकाचे दाणे भरले की त्याच्या कित्येक वर्षांच्या जेवणाची सोय झाली. शोरा संपतो, गंधक झिजतो आणि थोडा गंधकाचा तेजाब तयार होतो. त्या तेजाबाचा बंदोबस्त पुढे सांगितला आहे. त्यातून बनणारे सल्फेट समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे त्याची धास्ती नको.

माल आणि बांधणी

गंधकाचे माप टाकीच्या पाण्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके, म्हणजे ४०० लिटरला ४ लिटर दाणे. दाणे दोन ते पाच मिलिमीटरचे हवेत. भुकटी चालत नाही, ती बसून घट्ट होते आणि पाणी जात नाही.

येथे आमची पहिली फसगत झाली. खतांच्या दुकानात दाणेदार गंधक स्वस्त मिळाला, आम्ही पाच किलो आणून भरला. दुसऱ्या दिवशी नळकांड्यात पिवळा चिखल! नंतर पिशवी वाचली तेव्हा उलगडा झाला. शेतीच्या दाणेदार गंधकात बेंटोनाइट नावाची माती मिसळलेली असते. ती पाण्यात फुगते आणि दाणा फोडते. शेतात दाणा विरघळून पसरावा म्हणून ते मुद्दाम केलेले असते, त्यात दुकानदाराचा दोष नाही, पण आपल्या कामाला तो माल निरुपयोगी. द्राक्षावर फवारायचा पाण्यात मिसळणारा गंधकही घेऊ नये. शुद्ध गंधकाच्या गोळ्या रसायनांच्या व्यापाऱ्याकडे मिळतात. आपल्याकडचे साखर कारखाने रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळतात, त्यामुळे साखर पट्ट्यात तो मिळणे कठीण नाही. घेताना मूठभर दाणे पेल्यात रात्रभर भिजवून पाहावेत. सकाळी दाणा जसाच्या तसा राहिला तर माल घ्यावा. गंधकाची धूळ पेट घेते, तेव्हा चाळताना जवळ बिडी-सिगारेट नको.

नळकांड्यासाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप दोन फूट घ्यावा. खाली टोपी सोल्यूशनने कायमची चिकटवावी, वर आटे असलेली उघडती टोपी रबरी वायसरसह बसवावी. तळापासून दोन इंचांवर प्लॅस्टिकची भोके पाडलेली चकती आणि तिच्यावर स्पंजचा पातळ थर ठेवावा. त्यावर दाणे भरावेत. ४ लिटर दाणे साधारण ४७ सेंटिमीटर उंची घेतात. वर तीनेक इंच जागा मोकळी राहते, ती राहू द्यावी.

आता पाणी फिरवायचे. आत आणि बाहेर अशी दोन्ही तोंडे असलेला लहान पंप घ्यावा. तो वरच्या मोकळ्या जागेतून पाणी ओढतो आणि चकतीच्या खाली सोडतो, तेथून ते गंधकातून वर चढते. हेच पाणी अखंड फिरत राहते, त्यामुळे दाण्यांत कोठे मेलेला कोपरा राहत नाही. टाकीतले नवे पाणी पंपाच्या ओढीच्या बाजूला बारीक नळीने जोडावे. घरातल्या आरओ यंत्राला असते ती पांढरी पाव इंची नळी आणि तिचेच दाबून बसणारे जोड उत्तम चालतात. वरच्या भागातून बाहेर जाणारी दुसरी नळी काढावी. पंपाचे ओढीचे तोंड टोपीपासून इंचभर खाली असावे. नायट्रोजनचे बुडबुडे टोपीखाली जमतात आणि तोंड अगदी वर असेल तर पंप वायू ओढून खडखडतो. तो वायू सोडण्यासाठी टोपीत एक लहान प्लॅस्टिकची तोटी बसवावी.

पितळेचा एकही जोड, एकही तोटी वापरू नये. तांब्याचा अंश खाऱ्या पाण्यात उतरतो आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना तो विष आहे. प्लंबर हटकून पितळेची तोटी काढतो, कारण ती टिकते. त्याला आधीच बजावून ठेवावे.

थेंबांवर ताबा ठेवायला आम्ही औषधाच्या दुकानातला सलाईनचा ड्रिप सेट बाहेरच्या नळीला लावला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर असे त्याच्या पाकिटावरच छापलेले होते, त्यामुळे हिशेब सोपा झाला. तो जिवाणूंच्या बुळबुळीत थराने तुंबतो हा त्याचा दोष, पण स्वस्त असल्याने बदलायला जड वाटत नाही.

बाहेर पडणारे पाणी आंबट असते. ते दुसऱ्या, तितक्याच पाइपात शिंपल्यांचा चुरा भरून त्यातून न्यावे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा जाडा चुरा धुऊन घ्यावा. आंबट पाण्यात तो हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा क्षारपणा भरून काढतो, कॅल्शियमही देतो. हा दुसरा पाइप वगळण्याचा मोह पुष्कळांना होतो. वगळला तर काय होते ते आम्ही पाहिले आहे: आमच्या टाकीत क्षारपणा आठवड्याला दीड-दोन डिग्रीने उतरू लागला. केवळ नायट्रेटमुळे एवढा उतरत नाही. पाण्याबरोबर येणारा प्राणवायूही गंधक जाळतो आणि त्याचाही तेजाबच होतो. धार जितकी वाढवाल तितका तेजाब जास्त.

समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे गोळा करून या पाइपात भरावेत असा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नका. दगडी प्रवाळ, समुद्री पंखा, काळे प्रवाळ हे २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. जिवंत ठेवणे तर दूरच, मेलेले तुकडे बाळगणेही गुन्हा ठरतो. समुद्रघोड्यालाही तेव्हापासून तेच संरक्षण आहे. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणतो, पण धाड पडली की उत्तर तुम्हाला द्यायचे आहे. आमच्या टाकीत मासे आणि परदेशातून बिलासह आलेले मऊ प्रवाळ आहेत, आणि ती बिले आम्ही जपून ठेवली आहेत.

सुरुवात कशी करावी

सोल्यूशन चोवीस तास वाळू द्यावे. मग साधे पाणी भरून, पाइप वर्तमानपत्रावर रात्रभर उभा करून गळती पाहावी. त्यानंतर टाकीचे पाणी भरावे, फिरवणारा पंप चालू करावा आणि बाहेरचे थेंब सेकंदाला दोन इतके ठेवावेत. हे तासाला ३६० मिलिलिटर, दिवसाला साडेआठ लिटर होतात. जिवाणू विकत आणायचे नाहीत, ते टाकीच्या पाण्यातूनच येतात.

दोन ते सहा आठवडे धीर धरावा. या काळात बाहेरच्या पाण्यात नायट्राइट वाढते, म्हणून ते बादलीत साठवून ओतून द्यावे. टाकीत जाऊ देऊ नये. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: पाण्यात नायट्राइट असेल तर बाजारातली नायट्रेटची चाचणी खोटा, फुगलेला आकडा दाखवते. म्हणून आधी नायट्राइट मोजावे. ते शून्य झाल्यावरच नायट्रेटचा आकडा खरा मानावा. दोन्ही शून्य आले की बाहेरची नळी शिंपल्यांच्या पाइपातून टाकीच्या खालच्या हौदात सोडावी. ती पाण्यात बुडवू नये. चार-सहा इंचांवरून पडू द्यावी, म्हणजे पाणी पुन्हा हवा घेते आणि वीज गेली तर उलटी ओढही लागत नाही.

पुढे दर आठवड्याला धार थोडी वाढवावी. वाढवल्यावर नायट्राइट दिसले तर पुन्हा मागे यावे. नायट्राइट दिसणे म्हणजे धार फार जलद, आणि सडलेल्या अंड्याचा वास येणे म्हणजे धार फार मंद, असे समजावे. नायट्रेट संपल्यावरही पाणी आत अडकून राहिले की जिवाणू दुसऱ्या मार्गाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो.

टाकीतले नायट्रेट जसजसे उतरते तसतशी धार वाढवावी लागते, हे प्रथम उलटे वाटते. पण ५० च्या पाण्यात एक लिटरमागे ५० मिलिग्रॅम माल मिळतो, ६ च्या पाण्यात ६ च. तेवढाच माल उचलायचा तर खेपा वाढणारच. आमची धार आज मिनिटाला ६० मिलिलिटरच्या आसपास आहे. थेंब मोजता येत नाहीत, औषधाच्या मापाच्या पेल्यात मिनिटभर धरून मोजतो.

नायट्रेट शून्यावर नेण्याची हौस करू नये. पाच-सहावर थांबावे. अगदी शून्य झाले तर प्रवाळ फिके पडतात आणि तपकिरी चिकट जीवांचा थर सगळीकडे पसरतो, तो काढताना नाकी नऊ येतात. आणि हे नळकांडे फॉस्फेट काढत नाही. शेवाळ फॉस्फेटमुळे असेल तर दोष नळकांड्याला देऊ नये.

आमची चूक

एका पावसाळी रात्री वीज गेली ती नऊ तास आली नाही. सकाळी दुकानातल्या पोराने सारे पंप चालू केले. नळी तुंबल्याने थेंब पडत नव्हते, म्हणून त्याने ड्रिपची कळ पूर्ण उघडली आणि जोर लावून नळी मोकळी केली. रात्रभर आत कुजलेले चार-पाच लिटर पाणी एकदम टाकीत गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा दारातच वास आला. आठ वर्षांची क्लाउन माशांची जोडी, जी लहान मुले नावाने ओळखत, तळाशी पडलेली होती. रात्रभर हवा बंद होती हेही कारण असेल. पण तो वास आम्ही विसरलेलो नाही. पोराची चूक नव्हती, त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते. ते मुके जीव आमच्याकडे अमानत होते आणि सांगण्याची जबाबदारी आमची होती.

तेव्हापासून नळकांड्यावर कागद चिकटवला आहे: वीज दोन तासांपेक्षा जास्त गेली तर बाहेरची नळी आधी बादलीत. वास जाईपर्यंत आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत बादलीतच. टाकीला बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंपही घेतला.

कारीगरांसाठी

आमचा खर्च पंप धरून साडेतीन हजारांच्या आत झाला. बाहेरून आलेले यंत्र याच्या कित्येक पटींनी महाग पडते. ॲक्रिलिकमध्ये बनवले तर दिसायला चांगले आणि दाणे गोळा झाले की बाहेरून कळते. पण प्रकाशाने आत शेवाळ धरते, म्हणून काळे आवरण द्यावे. क्लोरोफॉर्मने सांधे जोडताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हे ॲक्रिलिकवाल्यांना सांगायला नकोच. मुंबईत कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट येथील मत्स्यव्यापारी नवे काम पाहायला तयार असतात. मात्र पहिला नमुना स्वतःच्या टाकीवर निदान तीन महिने चालवून मगच दाखवावा.

विकताना गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगाव्यात: पहिले सहा आठवडे फळ दिसणार नाही, फॉस्फेट जाणार नाही, आणि वीज गेल्यावर काय करायचे. मालातला ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही हे आपण सारे जाणतो, आणि येथे तर झाकलेल्या ऐबाने जीव जातात. वापरण्याची माहिती मराठी, उर्दू आणि हिंदीत एका कागदावर छापून द्यावी.

देखभाल थोडी आहे. रोज धारेवर नजर आणि नाकाने तपास. आठवड्याला नायट्राइट मोजणे, टोपीची तोटी उघडून वायू सोडणे, ड्रिपची नळी पिळून साफ करणे. तीन-चार महिन्यांनी फिरवणारा पंप काढून धुणे आणि नळकांडे हलवून दाण्यांचे गठ्ठे मोडणे. आतले काही धुवायचे झाल्यास टाकीच्याच पाण्यात धुवावे, नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात. गंधक वर्षाला पाव ते अर्धा किलो झिजतो, म्हणजे चार लिटर पुष्कळ वर्षे पुरतात. शिंपले मात्र लवकर खाली बसतात. आमच्या पाइपात ते आता चार बोटे उतरले आहेत, पुढच्या आठवड्यात भरायचे आहेत.